शहराच्या शिवेवरील गाव : पिंपळे सौदागर आणि उरुण-इस्लामपूर

दख्खनच्या खेड्याविषयी लिहिताना अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी गेली शंभर वर्षे ज्या ग्रंथाचा आधार घेतला, त्या ग्रंथातील गाव हे खेडे होते की उपनगर होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारलेला नाही. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी १९१७ साली 'लँड अँड लेबर इन ए डेक्कन व्हिलेज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रीय मालेतील तो पहिला ग्रंथ होय. पुण्याच्या वायव्येस पवना नदीच्या काठी वसलेले पिंपळे सौदागर हे त्याचे क्षेत्र. ग्रंथनामात मात्र गावाचा उल्लेख नाही. 'दख्खनमधील एक खेडे' एवढीच त्याची ओळख सांगितली आहे. या शीर्षकामुळे एका विशिष्ट गावाचे आकडे हळूहळू सर्व दख्खनचे आकडे झाले. जमिनीचे तुकडे कसे पडले, शेतकरी कर्जात कसा बुडाला, हे सांगताना पिढ्यान्‌पिढ्या हेच गाव उदाहरणादाखल पुढे करण्यात आले. ते पुणे शहराच्या आणि खडकीच्या लष्करी वसाहतीच्या इतक्या निकट होते की त्यास दख्खनी खेड्याचा नमुना मानणे कितपत योग्य, याचा विचार मात्र मागे पडला.

'उपनगर' हा शब्द मराठीत तसा नवा. मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १९२० साली झाला, आणि त्यानंतर तो शब्द शासकीय व्यवहारात रुळला. जुन्या व्यवहारात कसबा, पेठ, पुरा, वाडी आणि मौजे एवढ्या शब्दांवर काम भागत असे. पेशवाईत पुणे वाढले ते पेठांच्या रूपाने. एखाद्या सरदाराच्या किंवा सावकाराच्या पुढाकाराने कौल घेऊन पेठ वसवावी, व्यापारी आणि कारागीर यांना काही वर्षे सूट द्यावी, आणि मग ती पेठ शहराचा भाग व्हावी, अशी ती पद्धत होती. पेठेबाहेरची गावे मात्र मौजेच राहत. त्यांचा पाटील, त्यांचा कुलकर्णी, त्यांचे बलुतेदार शहराशी कितीही व्यवहार करीत असले तरी दप्तरात ती गावे शेतीची गावे म्हणूनच नोंदली जात. या दप्तरी संज्ञेचा पगडा पुढील संशोधनावरही राहिला.

पुण्याच्या परिसरातील गावे अभ्यासकांच्या दृष्टीने भाग्यवान आहेत. डॉ. टॉमस कोट्स या इंग्रज वैद्याने पेशवाई बुडाल्यानंतर दोनच वर्षांत नगरच्या रस्त्यावरील लोणीकंद गावाचे सविस्तर वर्णन लिहिले. मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या निबंधसंग्रहात ते १८२३ साली छापले गेले. त्या गावातील बहुसंख्य शेतकरी तेव्हाच कर्जात होते, ही गोष्ट इंग्रजी अमलाच्या आरंभी नोंदली गेली हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. डॉ. गो. स. घुर्ये यांनी सव्वाशे वर्षांनंतर त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला आणि तो १९६० साली प्रसिद्ध झाला. योगायोग असा की त्याच साली पिंपळे सौदागरच्या फेरपाहणीचा पु. द. दिसकळकर यांचा ग्रंथही बाहेर पडला. एकाच शहराच्या दोन बाजूंची दोन गावे, आणि दोहोंचे दुहेरी दर्शन. अशी सामग्री भारतात फार थोड्या ठिकाणी उपलब्ध आहे.

आता पिंपळे सौदागरकडे वळू. या गावाच्या शेजारी त्याच नावाची आणखी दोन गावे आहेत, पिंपळे गुरव व पिंपळे निलख. तिन्ही गावे मुळा व पवना या नद्यांच्या मधल्या आणि लगतच्या प्रदेशात येतात. खडकीच्या रणांगणावर ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची व इंग्रजांची लढाई झाली, आणि त्यानंतर तेथे इंग्रजांचा लष्करी तळ कायमचा बसला. १८५८ साली खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला, आणि १८६९ मध्ये खडकीस दारूगोळ्याचा कारखाना निघाला. या तीन घटनांनी पवनेकाठच्या गावांचे भवितव्य जितके ठरविले तितके कोणत्याही जमीनमहसुलाच्या पद्धतीने ठरविले नाही, असे म्हणावे लागते. लष्करी तळास गवत, कडबा, दूध, भाजी आणि माणसे लागतात. कारखान्यास माणसे लागतात, आणि तीही रोज ठरलेल्या वेळी लागतात. पिंपळे सौदागरच्या माणसाला पहाटे भाकरी बांधून निघता येई आणि दिवेलागणीस घरी परतता येई. पायी जाऊन त्याच दिवशी परत येण्याजोगे हे अंतर या गावाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची वस्तुस्थिती आहे.

मॅन यांच्या ग्रंथातील सर्वाधिक उद्‌धृत झालेले आकडे धारणाक्षेत्राचे आहेत. १७७१ साली गावातील सरासरी धारणा ४० एकर होती. १८१८ मध्ये ती साडेसतरा एकरांवर आली. १८२० ते १८४० या काळात १४ एकर, आणि १९१४-१५ मध्ये अवघी ७ एकर राहिली. पाहणीच्या वेळी शेकडा ८१ धारणा दहा एकरांखालच्या होत्या आणि शेकडा ६० तर पाच एकरांहूनही कमी होत्या. १५६ खातेदारांच्या जमिनी सातशेहून अधिक तुकड्यांत विखुरलेल्या होत्या. त्यांपैकी ४६३ तुकडे एका एकराहून लहान आणि ११२ तुकडे पाव एकराहूनही लहान होते. हे आकडे वाचून कोणाही सुजाण माणसाचे मन अस्वस्थ व्हावे, आणि तसे ते झालेही. इंग्रजी राज्यात न्यायालये आली, वाटणीचे दावे सोपे झाले, एकत्र कुटुंब मोडले, आणि त्यामुळे जमिनीचा चुरा झाला, असा निष्कर्ष त्यांवरून सर्रास काढण्यात आला.

परंतु हीच आकड्यांची मालिका थोडी सावकाश वाचली म्हणजे या निष्कर्षाला बाध येतो. १७७१ पासून १९१५ पर्यंत सरासरी धारणा एकंदर ३३ एकरांनी घटली. त्यांपैकी साडेबावीस एकरांची घट १८१८ पूर्वीची, म्हणजे पेशवाईतली आहे. ज्या काळात इंग्रजी न्यायालय नव्हते, रयतवारीचा खातेउतारा नव्हता, त्या काळात दोन-तृतीयांश घट होऊन गेली होती. त्यातही १८०२ साली हडपसरजवळ होळकर आणि शिंदे-पेशवे यांचा संग्राम होऊन पुणे प्रांत लुटला गेला, आणि १८०३-०४ च्या दुष्काळाने कित्येक गावे ओस पडली. माणसे कमी झाल्यावर उरलेल्यांच्या वाट्याला जास्त जमीन यावयास हवी होती. सरासरी तर उलट खाली आलेली दिसते. जुन्या बिघ्या-चाहुरांचे एकरांत केलेले रूपांतर सर्वस्वी काटेकोर असेलच असे नाही, आणि जुन्या दप्तरात मुख्य खातेदाराचे नाव एकटेच लागून त्याच्या भाऊबंदांच्या वहिवाटी झाकल्या जाणेही शक्य आहे. इतकी सावधगिरी बाळगूनही, तुकडेवाडी इंग्रजांबरोबर आली, हे विधान या गावाच्या बाबतीत टिकत नाही.

वारसाहक्काचा नियम दोन्ही राजवटींत सारखाच होता. सर्व पुत्रांना समान वाटा हे तत्त्व पेशवाईतही होते आणि नंतरही राहिले. तेव्हा केवळ त्या नियमाकडे बोट दाखवून बदलाचे कारण सांगता येत नाही. खरा प्रश्न निराळा आहे : दोन-तीन एकरांचा तुकडा वाट्याला आलेला भाऊ गाव सोडून का गेला नाही? तो तुकडा विकून टाकून तो मोकळा का झाला नाही? ज्या जमिनीवर कुटुंबाचे चार महिनेही भागत नाहीत, त्या जमिनीला धरून राहणे हे शेतीच्या हिशेबाने वेडेपणाचे आहे. परंतु घरातील एक माणूस खडकीस रोजमुऱ्यावर असेल, एखादी म्हैस दुधावर असेल, आणि बांधावरची भाजी लष्करी बाजारात जात असेल, तर तोच तुकडा घर, गोठा, वैरण आणि गावातील पत टिकवून ठेवतो. तुकड्याने माणसाला शहराकडे ढकलले हे खरे. तितकेच हेही खरे की शहराच्या मजुरीने तुकडा जिवंत ठेवला. कार्यकारणाची ही दुसरी बाजू मॅन यांच्या वाचकांनी पुरेशी ध्यानात घेतली नाही.

या बाजूचा पुरावा मॅन यांच्याच लेखनात आहे. त्यांनी गावातील १०३ कुटुंबांचे तीन वर्ग पाडले. पहिल्या वर्गात केवळ स्वतःच्या जमिनीवर, आपल्या राहणीच्या मानाने, कर्ज न करता भागवू शकणारी कुटुंबे; ती फक्त ८ निघाली. दुसऱ्या वर्गात जमिनीला बाहेरच्या कमाईची जोड देऊन ज्यांचा मेळ बसतो अशी २८ कुटुंबे होती. उरलेल्या ६७ कुटुंबांचा मेळ कशानेच बसत नव्हता. शेकडा ६५ कुटुंबे तुटीत आहेत, हा या पाहणीचा निष्कर्ष सर्वतोमुखी झाला. १९२१ मध्ये मॅन आणि ना. वि. कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या गावाची दुसरी पाहणी प्रसिद्ध केली. हे गाव कोरडवाहू, आणि शहरापासून दूर. तेथील १४७ कुटुंबांपैकी १० पहिल्या वर्गात, १२ दुसऱ्या वर्गात आणि १२५ तिसऱ्या वर्गात बसली. म्हणजे तुटीतील कुटुंबे शेकडा ८५.

हे दोन तक्ते शेजारी ठेवले म्हणजे एक गोष्ट उघड होते. निव्वळ जमिनीवर सुस्थितीत असलेल्या कुटुंबांचे प्रमाण पिंपळे सौदागरमध्ये शेकडा ८ च्या आत आहे आणि जातेगावात ७ च्या आत. नदीकाठचे गाव असो वा माळावरचे, या बाबतीत दोहोंत जवळजवळ फरकच नाही. फरक आहे तो सगळा दुसऱ्या वर्गात : एका ठिकाणी शेकडा २७, दुसऱ्या ठिकाणी शेकडा ८. शेकडा ६५ आणि शेकडा ८५ यांतील अंतर जमिनीच्या पोताने किंवा पावसाने पडलेले नाही. ते खडकीच्या अंतराने पडलेले आहे. पिंपळे सौदागर जातेगावाहून बरे होते ते शेतीमुळे नव्हे. ज्या अर्थाने उपनगर हा शब्द आज वापरला जातो, म्हणजे ज्या वस्तीचे पोट शहरातील कामावर अवलंबून आहे अशी वस्ती, त्या अर्थाने ते १९१५ मध्येच उपनगर होऊन चुकले होते. नांगर, बैल आणि खळे डोळ्यांसमोर असल्यामुळे ते कोणास दिसले नाही इतकेच.

येथे एक मर्यादा सांगणे अवश्य आहे. पाहणीचा काळ महायुद्धाचा होता, आणि दारूगोळ्याच्या कारखान्याला युद्धकाळात एरवीपेक्षा अधिक हात लागावेत हे स्वाभाविक आहे. त्यामुळे २८ हा आकडा शांततेच्या वर्षी काहीसा कमी भरला असता, अशी शंका घेण्यास जागा आहे. मात्र ती शंका खरी धरली तरी मूळ मुद्दा अधिकच बळकट होतो. कारण गावाचा ताळेबंद पावसावर हलण्याऐवजी तोफांच्या मागणीवर हलत होता, असाच तिचा अर्थ होईल.

जाता जाता आणखी एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. ग्रंथावर मॅन यांचे नाव मोठे आहे, पण त्यांच्या सहकाऱ्यांत द. ल. सहस्रबुद्धे, कानिटकर आणि वि. अ. ताम्हणे ही कृषि महाविद्यालयातील मराठी मंडळी होती. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्याचे कर्ज, त्याचे लग्नखर्च आणि त्याच्या बायकोच्या हातची दूधविक्री यांचा हिशेब काढणे हे परभाषकाचे काम नव्हे. महाराष्ट्रातील ग्रामपाहणीची परंपरा सांगताना या सहकाऱ्यांचा उल्लेख एखाद्या ओळीत आटोपतो, हे बरोबर नाही. पुढे गोखले अर्थशास्त्र संस्थेने वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची जी पाहणी १९४० साली प्रसिद्ध केली, तिच्यामागे हिशेबाची हीच शिस्त उभी आहे.

वाईचे नाव निघाल्यावर साताऱ्याच्या दक्षिण टोकाकडे पाहणे क्रमप्राप्त ठरते. पिंपळे सौदागरचे वेगळेपण शहराच्या सान्निध्यात आहे, हे म्हणणे तपासायचे असेल तर असे एखादे ठिकाण घ्यावे लागेल की जेथे मोठे शहर जवळ नव्हते, पण माणसांचा शहराशी संबंध मात्र दाट होता. वाळवा तालुका हा असा प्रदेश आहे. कृष्णा आणि वारणा या नद्यांमधील काळ्या जमिनीचा हा मुलूख. तालुक्याचे नाव वाळव्याचे, पण कचेरी इस्लामपुरात. हे गावही एकटे नाही. शेतकऱ्यांचे उरुण आणि कचेरी-बाजाराचे इस्लामपूर अशा दोन लगतच्या वस्त्या मिळून उरुण-इस्लामपूर हे जोडनाव बनले. (इस्लामपुरास ईश्वरपूर हे नाव देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ साली घेतला, येथे ऐतिहासिक कागदपत्रांतील नाव ठेवले आहे.) साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले, आणि पाचच वर्षांनी, १८५३ साली, येथे नगरपालिका स्थापन झाली. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने ज्या गावांना आपली स्वच्छता, दिवाबत्ती आणि रस्ते स्वतः पाहण्याची मुभा दिली, त्यांपैकी हे एक आरंभीचे गाव होय.

या तारखेचे महत्त्व तुलनेने कळते. उरुणची वस्ती शेतकऱ्यांची, जोडधंदा जनावरांचा, उत्पन्न नदीकाठच्या रानांचे. तरी दप्तरात ते १८५३ पासून नगर. पिंपळे सौदागर पुण्याच्या वेशीवर, त्याचे दुसऱ्या वर्गातील कुटुंब कारखान्याच्या भोंग्यावर उठणारे. तरी दप्तरात ते आणखी शतकभर मौजे. नगर आणि ग्राम या संज्ञा शासनाने आपल्या सोयीने लावलेल्या असतात, आणि जनगणनेच्या कोष्टकांतून त्या इतिहासलेखनात उतरतात. ग्रामीण लोकसंख्येचे अमुक टक्के घटले, नागरी लोकसंख्येचे तमुक टक्के वाढले, अशी वाक्ये लिहिताना या दोन गावांची आठवण ठेवणे हितकर ठरेल.

वाळवा तालुक्यातील लहान तुकड्याच्या शेतकऱ्यालाही बाहेरच्या मजुरीची गरज होती. फरक असा की त्याचे खडकी मुंबईत होते. मुंबईच्या कापडगिरण्यांत रत्नागिरीबरोबर सातारा जिल्ह्यातूनही मोठ्या संख्येने माणसे गेली. घाट उतरून जाणाऱ्या या माणसाला संध्याकाळी घरी परतता येत नसे. तो परळ-लालबागच्या चाळीत दहा-बारा जणांच्या खोलीत राही, खाणावळीत जेवे, आणि सुगीला किंवा जत्रेला गावी येई. त्याची मजुरी मनिऑर्डरने येत असे. अर्थव्यवहार तोच, तुकडा राखण्यासाठी बाहेरची मजुरी. पण कुटुंबाची घडण निराळी झाली. पवनेकाठी पुरुष रात्री घरी असे, म्हणून शेतीचे निर्णय त्याच्या हाती राहिले. कृष्णाकाठी शेतीचा भार म्हाताऱ्यांवर आणि बायकांवर पडला. एकाच कारणाची ही दोन रूपे आहेत, आणि त्यांना वेगळे करणारी वस्तू म्हणजे पुन्हा अंतरच.

कृष्णाकाठी पुढे पाण्याने हा हिशेब बदलला. कऱ्हाडजवळ खोडशी येथील बंधाऱ्यातून निघालेला कृष्णा कालवा एकोणिसाव्या शतकातला; त्याला पुढे उपसा योजनांची जोड मिळाली, ऊस वाढला, आणि इस्लामपूरलगत साखराळ्यास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. राजारामबापू पाटील यांच्या नावाने तो आज ओळखला जातो. कारखान्याभोवती राजारामनगर ही वसाहत झाली. येथे कारखाना शेताकडे आला. पवनेकाठी कारखाना शेतावर आला. हा भेद शब्दांचा नाही. साखर कारखान्याला भोवतालचा ऊस लागतो, म्हणून भोवतालची जमीन शेतीखाली राहण्यात त्याचा स्वार्थ असतो. औषधांच्या किंवा मोटारींच्या कारखान्याला भोवतालची जमीन फक्त जागा म्हणून हवी असते. २०११ च्या जनगणनेत उरुण-इस्लामपूरची वस्ती ६७,३९१ भरली. दीडशेहून अधिक वर्षांची ही नगरपालिका अजूनही शेतीने वेढलेली आहे.

पिंपळे सौदागरच्या परिसरात मात्र घटना वेगाने घडल्या. फाळणीनंतर पिंपरीस सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना तेथे स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी या पट्ट्यात मोटार व यंत्रसामग्रीचे मोठे कारखाने आले. १९७० साली पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. पिंपळे सौदागर पुढे तिच्या हद्दीत सामावले. शतकाच्या अखेरीस हिंजवडीस माहिती-तंत्रज्ञानाची वसाहत उभी राहिली, आणि खडकीकडे तोंड करून असलेल्या या गावाचे तोंड पश्चिमेकडे फिरले. २०११ साली महानगरपालिकेची वस्ती १७ लाखांवर गेली होती. ज्या शिवारात मॅन यांच्या सहकाऱ्यांनी सातशेहून अधिक तुकडे मोजले, तेथे आज बहुमजली इमारतींच्या रांगा आहेत.

या परिवर्तनात तुकड्याचे काय झाले, हा प्रश्न स्वतंत्र विचार मागतो. तुकडेवाडी हा रोग आहे, ही समजूत मॅन व त्यांच्या आधी मुंबई इलाख्याचे शेतीसंचालक कीटिंग यांनी दृढ केली. १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात लहान धारणांविषयीचे विधेयक आले; धाकट्या भावांना भूमिहीन करणारा हा कायदा आहे, असा त्यास प्रखर विरोध झाला, आणि ते सोडून द्यावे लागले. अखेर १९४७ मध्ये तुकडेबंदी व तुकडेजोडीचा कायदा झाला. प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा पाडू नये, पाडल्यास तो व्यवहार अवैध, असे त्याचे सूत्र. शेतीच्या दृष्टीने ते समर्थनीय होते. परंतु शहराच्या कडेला तोवर जमिनीचे मोजमापच बदलत चालले होते. शेतकरी एकरात बोलत होता. घर बांधू इच्छिणारा कामगार गुंठ्यात बोलू लागला. चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, एका मध्यम घराची जागा. मॅन यांनी ज्या ११२ तुकड्यांकडे हताशपणे पाहिले ते पाव एकराहून, म्हणजे दहा गुंठ्यांहून लहान होते. औत फिरविण्यास निरुपयोगी ठरलेले नेमके हेच माप घरबांधणीस सोयीचे ठरले.

तुकडेबंदी, बिगरशेतीची परवानगी आणि १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा, अशी तिहेरी कुंपणे असताना हा व्यवहार थांबला नाही. तो कागदाच्या आडून चालू राहिला. साठेखत, मुखत्यारपत्र, मुद्रांकाच्या कागदावरची पावती, सात-बाऱ्यावर सामाईक नावे, अशा मार्गांनी गुंठ्यागुंठ्याने जमीन विकली गेली. रस्ता, गटार, पाणी यांची तरतूद न होता वस्त्या उठल्या. त्यांना 'गुंठेवारी' हे नाव लोकांनीच दिले, आणि २००१ साली शासनाने त्या वस्त्या नियमित करण्याचा कायदा केला तेव्हा हाच लोकांचा शब्द कायद्याच्या नावात गेला. हा प्रश्न केवळ पुण्याचा नव्हता. सांगली आणि मिरज यांच्या मधली व भोवतालची शेती अशाच रीतीने वस्तीखाली गेली. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड यांची एकच महानगरपालिका झाली तेव्हा तिच्या पदरात गुंठेवारीच्या वस्त्यांचा मोठा भार पडला. इस्लामपूरच्या बाजूने सांगलीस कामासाठी आलेल्या माणसाला गुंठा परवडत होता, मंजूर आराखड्यातील भूखंड परवडत नव्हता. महाराष्ट्रात नागरी जमीन कमाल धारणा कायदा २००७ साली रद्द झाला, तोवर पुण्याच्या परिघावरील बहुतेक शिवारांचे भवितव्य ठरून गेले होते.

राहता राहिला तो सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग. मॅन यांच्या १०३ कुटुंबांत सर्व खातेदार नव्हते. जमीन पुरेशी नसलेल्यांचा विचार करताना जमीन मुळीच नसलेल्यांचा विचार त्याच कोष्टकात झाला, आणि त्या काळी ते चुकीचेही नव्हते. कारण खडकीच्या फाटकावर खातेदार आणि बिनखातेदार यांना मिळणारी मजुरी सारखीच होती. काही काळ तरी शहराच्या सान्निध्याने गावातील ही विषमता झाकली. जमिनीला भाव आला त्या दिवशी ती उघडी पडली. १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने ज्या कुळाचे नाव कागदावर लागले, त्याचे नातू जमीनमालक म्हणून विक्रीच्या व्यवहारास बसले. ज्याची वहिवाट तोंडी होती त्याचे नातू त्याच इमारतीवर बिगारी म्हणून गेले. महारवतनाच्या जमिनींचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली आणि जमिनी पूर्वीच्या वतनदारांना शर्तीवर परत देण्याची तरतूद झाली. हस्तांतरास शासनाची पूर्वपरवानगी लागणाऱ्या या जमिनी शहराच्या कडेला आल्या तेव्हा त्यांचे मोल वाढले, पण ते मोल मोकळेपणाने मिळविण्याचा अधिकार धारकास नव्हता. ज्याच्यापाशी परवानगी मिळविण्याची ताकद होती, त्याच्या हाती त्या बऱ्याचदा कवडीमोलाने गेल्या. पिंपळे सौदागर, लोणीकंद आणि उरुण या तिन्ही ठिकाणी हा इतिहास फेरफार नोंदवह्यांत आणि वतन-चौकशीच्या कागदांत पडून आहे. कुटुंबांची तीन वर्गांतली विभागणी पुन्हा करावयाची झाल्यास ती तेथूनच सुरू करावी लागेल.